शब्दाचे वजन, देहाचे वजन

मराठीत 'वजन' हा मोठा गमतीचा शब्द आहे. एखाद्याच्या शब्दाला वजन असते, सरकारदरबारी एखाद्याचे वजन असते, एखादा मंत्री वजनदार खाते मिळवतो. जुन्या पिढीला तर अंगावरचे वजनही शोभेचे वाटे. सासरहून आलेली लेक जरा भरलेली दिसली की आई सुखावायची, आणि पोट सुटलेला गृहस्थ 'खात्यापित्या घरचा' ठरायचा. आता काळ उलटला. आता माणसाच्या देहाचे वजन वाढले की त्याच्या शब्दाचे वजन घटते. तो माणूस आरोग्याबद्दल बोलणारा असेल तर अधिकच.

२००९ सालच्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी डॉ. रेजिना बेंजामिन यांचे नाव देशाच्या सर्जन जनरल पदासाठी सुचवले. सर्जन जनरल म्हणजे तिथल्या सरकारचा आरोग्याबाबतचा मुख्य आवाज. या बाईंनी अलाबामातल्या बायू ला बात्रे नावाच्या कोळ्यांच्या गरीब गावात दवाखाना चालवला होता. १९९८ च्या वादळात तो गेला, २००५ च्या कतरिना वादळात पुन्हा गेला, त्यानंतर आगीत जळाला, आणि दर वेळी त्यांनी तो पुन्हा उभा केला. पण नाव जाहीर होताच चर्चा कशाची झाली, तर त्यांच्या अंगयष्टीची. लठ्ठपणाच्या साथीशी लढणाऱ्या देशाला अशी प्रवक्ती कशी चालेल, असे विचारले गेले. २०१४ साली बेल्जियममध्ये मॅगी द ब्लॉक आरोग्यमंत्री झाल्या तेव्हा हेच घडले. त्याही स्वतः डॉक्टर, अनेक वर्षे रुग्ण तपासलेल्या. तरी प्रश्न तोच.

या दोघीही स्त्रिया होत्या, हे मला योगायोगाचे वाटत नाही. पोट पुढे घेऊन आरोग्य शिबिरांची उद्घाटने करणारे पुरुष पुढारी आपण आयुष्यभर पाहत आलो. त्यांच्या पोटावर विनोद झाले असतील, पण त्यांच्या अधिकारावर कोणी शंका घेतल्याचे आठवत नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा वाटेल. पण उपदेश करणाऱ्याचा देह आणि त्याच्या सवयी पाहून त्याचा उपदेश जोखावा का, हा पेच आपल्या अगदी शेजारी, बेळगावात, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता. चोर्ल्याच्या घाटातून एक दिवस भाजीचे ट्रक आले नाहीत तर ज्या बेळगावची आठवण आम्हा गोंयकारांना येते, आणि अवघड दुखणे निघाले की ज्या बेळगावची वाट अनेक घरे धरतात, तेच हे गाव. त्याचे दोन पाहुणे मला या निमित्ताने आठवतात.

पहिला पाहुणा आला १८९२ सालच्या ऑक्टोबरात, कोल्हापूरहून. तिशीच्या आतला, भगवी वस्त्रे घातलेला बंगाली संन्यासी. शिकागोची सर्वधर्म परिषद अजून वर्षभर दूर होती, त्यामुळे विवेकानंद हे नाव कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. उतरला तो वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे. भाट्यांच्या मुलाने पुढे मोठेपणी त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या फार वाचनीय आहेत, कारण त्यांत भक्तीपेक्षा अचंबा जास्त आहे. संन्यासी म्हटला की घरच्यांच्या मनात एक चित्र ठरलेले होते. हे स्वामी त्यात बसेनात. भगव्याच्या आत बनियन, हातात दंडाऐवजी फिरायला जाताना घेतात तशी काठी. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी पान-सुपारी मागितली. इथवर घरच्यांनी सोसले. पुढे त्यांनी खायला तंबाखू मागितला, तेव्हा मात्र सगळे थक्क झाले. शाकाहाराचा विषय निघाला तर त्यांनी सांगितले की आपण परमहंसांच्या पंथातले, भिक्षेत पडेल ते खाणारे. आणि सवयींबद्दल विचारले तेव्हा काही न लपवता सांगितले की पूर्वायुष्यात आपण सुखवस्तू मुलासारखे राहिलो, बाकीचे सोडले, एवढ्या बारीक सवयी उरल्या आहेत.

भाट्यांच्या घराने त्यानंतर काय केले हे मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी तंबाखू पाहून पाहुण्याला मोडीत काढले नाही. घरातला मुलगा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता आणि पाहुणा त्याला चुका दाखवून पुढचे म्हणून दाखवत होता. गावातले वकील आणि शिकलेले लोक वादाला येत आणि निरुत्तर होऊन, तरीही आनंदात, परत जात. म्हणजे त्या घराने आधी सवय पाहिली, मग विद्या पाहिली, आणि दोन्हींचे माप वेगवेगळे ठेवले.

तिथून स्वामी किल्ल्यात हरिपद मित्र या वनखात्यातल्या बंगाली अधिकाऱ्याकडे राहायला गेले. मित्र यांना औषधांचा भारी नाद. काही झाले की गोळी, काही नाही झाले तरी गोळी. स्वामींनी त्यांचा तो नाद सोडवला. बरीचशी दुखणी मनाने धरून ठेवलेली असतात अशा अर्थाचे ते बोलले, आणि मित्र यांच्याच सांगण्यानुसार त्यांना गुण आला. म्हणजे तंबाखू चघळणाऱ्या पाहुण्याने एका माणसाची प्रकृती सुधारली! त्यानंतर बेळगावच्या डॉ. शिरगावकरांच्या ओळखीने ते मडगावला सुब्राय नायकांकडे आले आणि राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती धर्मशास्त्राचे जुने ग्रंथ पाहून गेले. गोव्यातला हा भाग वाचकांना ठाऊक असेलच.

शरीर बळकट करा हा विवेकानंदांच्या उपदेशाचा गाभा. गीतेच्या पाठापेक्षा फुटबॉलच्या मैदानाने तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, असे त्यांनी तरुणांना सांगितले ते प्रसिद्धच आहे. आणि हे सांगणाऱ्याचा देह? मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचे दुखणे. कधी अंग सुटे, कधी पथ्याने झडे. याबद्दल त्यांनी आपल्या पत्रांतून मोकळेपणाने आणि पुष्कळदा थट्टेने लिहिले आहे. ४ जुलै १९०२ ला ते गेले तेव्हा वय होते ३९. आता ३९ व्या वर्षी गेलेल्या माणसाने बलोपासना सांगू नये, असे म्हणायचे का? मग त्या उपदेशातून ज्यांनी तालमी आणि व्यायामशाळा काढल्या, ते सगळे फसले म्हणायचे?

दुसरा पाहुणा आला १९२४ च्या डिसेंबरात. बेळगावचे काँग्रेस अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबरला भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे हे एकमेव अधिवेशन. आयोजनाची धुरा हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांवर, जागा टिळकवाडीजवळची, आणि पाण्यासाठी मुद्दाम खणलेली विहीर आजही तिथे आहे. छावणीतल्या सफाईचे काम काका कालेलकरांनी अंगावर घेतले होते, आणि उच्चवर्णीय तरुणांनी संडास साफ करणे ही त्या काळी अधिवेशनातल्या ठरावांइतकीच मोठी घटना होती.

गांधी हे राजकारणी म्हणून आपल्याला माहीत आहेत, पण ते आयुष्यभर आरोग्याचे उपदेशकही होते. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मधून त्यांनी आरोग्यावर लेखमाला लिहिली. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत त्याच विषयावर पुन्हा पुस्तक लिहायला घेतले. १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी डॉक्टर आणि इस्पितळे यांना धारेवर धरले होते. आणि बेळगावला येण्याआधीचे त्यांचे ते वर्ष कसे गेले होते पाहा. १२ जानेवारी १९२४ ला येरवड्याच्या कैदेतून त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवून कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. सप्टेंबरात दिल्लीत त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. तो ८ ऑक्टोबरला सुटला आणि अकरा आठवड्यांनी ते बेळगावच्या मंडपात अध्यक्ष म्हणून बसले.

लोकांनी प्रश्न विचारला नाही असे नाही. इस्पितळांना दोष देणारा माणूस सर्जनच्या टेबलावर कसा झोपला, असे त्यांना विचारले गेले. गांधींनी उत्तर टाळले नाही. ती आपली दुर्बलता, जगण्याची आसक्ती अजून सुटलेली नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. १९१८ साली खेड्याच्या धामधुमीत त्यांना जीवघेणी हगवण लागली, तिचे कारण आत्मकथेत काय दिले आहे? सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गोड लापशी आणि मूग पाहून मोह झाला आणि जास्त खाल्ले! गाईम्हशीचे दूध न घेण्याचे व्रत होते म्हणून शेळीचे दूध घेतले, पण त्यात व्रताचे अक्षर पाळले गेले आणि आत्मा गेला, हेही त्यांनीच लिहिले. आहाराचा एवढा मोठा उपदेशक, आणि आपली जीभ कुठे घसरली याचा हिशेब स्वतःच मांडतो. त्यामुळे त्यांचा शब्द हलका झाला नाही, उलट लोकांना तो आपल्यातला वाटला.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे. २०१९ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त त्यांच्या प्रकृतीच्या जुन्या नोंदी छापल्या. त्यांनुसार १९३९ साली त्यांचे वजन ४६.७ किलो होते. उंचीच्या मानाने हिशेब केला तर बॉडी मास इंडेक्स १७.१ येतो. आज कोणत्याही दवाखान्यातल्या तक्त्यावर हा आकडा 'कमी वजन' या रकान्यात पडेल. आणि रक्तदाब? १९३७ च्या ऑक्टोबरात १९४/१३०, १९४० च्या फेब्रुवारीत २२०/११०. मीठ, मसाला, तंबाखू, मद्य सगळे वर्ज्य केलेल्या, रोज मैलोगणती चालणाऱ्या, अंगावर चरबीचा कण नसलेल्या माणसाचा हा रक्तदाब. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला यातले काय दिसले असते?

नुसत्या डोळ्यांनीच काय, वजनकाट्यालाही सगळे दिसत नाही. हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रातून दाखवले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपला आणि आपले ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका एकच, २२.३. दोघेही तक्त्याप्रमाणे अगदी व्यवस्थित. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून मेदवान, असा आपल्या भारतीय देहाचा स्वभाव त्यांनी जन्मणाऱ्या बाळांपासून अभ्यासला. म्हणजे सडपातळ आरोग्यमंत्र्याकडे पाहून 'वा, कसा ठणठणीत माणूस' म्हणणाऱ्या आपल्याला खरे काहीच कळलेले नसते. शिवाय माणसाचे वजन हे केवळ त्याच्या ताटावरून ठरत नाही. आईबापांकडून आलेला बांधा, थायरॉइडसारखी दुखणी, स्टेरॉइडसारखी औषधे, बाळंतपण, रात्रपाळीची नोकरी, एवढ्या गोष्टी त्यात असतात. वजन पाहून माणसाचा संयम मोजणे म्हणजे घराचा रंग पाहून आतल्या माणसांचा स्वभाव सांगण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, हे आधुनिक शास्त्र झाले, आपल्या पूर्वजांना तर स्थूल माणूस निंद्यच वाटे. खरे आहे. चरकसंहितेत निंदित म्हणून जे आठ प्रकारचे देह सांगितले आहेत त्यांत अतिस्थूल आहे. अतिकृशही आहे, हे मात्र आपण विसरतो. पण त्याच चरकाने वैद्याचे गुण कोणते सांगितले? चार. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ वेळा प्रत्यक्ष पाहिलेले काम, हातातले कौशल्य, आणि शुचिता. स्थूलतेवर जवळजवळ एक अध्याय खर्चणाऱ्या ग्रंथाला वैद्य सडपातळ असावा असे या चारांत घालावेसे वाटले नाही.

तरीही 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण काही उगाच पडलेली नाही. गूळ खाणाऱ्या मुलाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. आई मुलाला साधूकडे नेते, साधू काही दिवसांनी या म्हणतो, मग मुलाला एवढेच सांगतो की बाळ, गूळ खाऊ नकोस. आधीच का नाही सांगितले, तर तेव्हा मी स्वतः गूळ खात होतो. लहानपणी ही गोष्ट आपल्याला पटते. पण तिच्यात एक खोच आहे. साधूने गूळ खाल्ला तेव्हाही मुलाला तो अपायकारक होता आणि साधूने सोडला तेव्हाही होता. साधूच्या गूळ सोडण्याने गुळाचा गुण बदलला नाही. बदलला तो साधूचा आवाज. म्हणजे या गोष्टीत दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. सांगितलेले खरे आहे का, हा एक. आणि सांगणाऱ्याचे मन लावून ऐकावेसे वाटते का, हा दुसरा. दुसऱ्याला मी कमी लेखत नाही. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात लोकांनी स्थूल डॉक्टरवर कमी विश्वास ठेवू, त्याचा सल्ला कमी पाळू, असे सांगितले. आणि असे सांगणाऱ्यांत जे स्वतः स्थूल होते तेही होते! म्हणजे ही भावना खरी आहे. पण भावना खरी असणे आणि तिने दिलेला निकाल खरा असणे यांत अंतर आहे. तो निकाल मानला तर नुकसान डॉक्टरचे होत नाही, सल्ला न पाळणाऱ्या रुग्णाचे होते.

उलट बाजूचाही विचार करू. १९५१ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपानाचा अभ्यास करायचे ठरवले, तेव्हा त्यांनी प्रश्नावली कोणाला पाठवली? डॉक्टरांनाच. ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांनी आपल्या सवयी कळवल्या आणि पुढे पन्नास वर्षे त्यांच्या मरणाची नोंद ठेवली गेली. धूम्रपान जीव घेते हे जगाला कळले ते सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरांच्या मरणातून. डॉल स्वतः सिगारेट ओढत. आपल्याच संशोधनाचे आकडे पाहिले आणि सोडली. आपल्याकडचे उदाहरण शरद पवारांचे. २००४ साली त्यांच्यावर तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीने आपले काय झाले हे ते त्यानंतर जाहीरपणे सांगत आले. राजकारणात त्यांच्या शब्दावर कोणी कितीही शंका घेवो, या एका विषयात त्यांच्या शब्दाला जे वजन आहे ते कधीच तंबाखू न खाल्लेल्याला येणार नाही. बिघडलेला देह नेहमी शब्द हलकाच करतो असे नाही. काही वेळा तोच साक्षीदार होतो.

तंबाखूचा विषय निघाला की बेळगावहून कोल्हापूरच्या वाटेवरचे निपाणी टाळता येत नाही. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेले हे मराठी गाव विडीच्या तंबाखूवर वाढले. शेतात तंबाखू, गावात वखारी, वखारींत बायका. तंबाखू चाळायचा, कुटायचा, भुकटीच्या ढगात दिवस काढायचा. अनिल अवचटांनी त्या बायकांवर लिहिले तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिल्यांदा कळले की विडीचा त्रास ओढणाऱ्याआधी तंबाखू निवडणारीला होतो. अवचट शिक्षणाने डॉक्टर, पण तिथे त्यांनी औषध दिले नाही, पाहिले ते लिहिले. सुभाष जोशींसारख्या कार्यकर्त्यांनी या बायकांची संघटना बांधली. आणि १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. ते तंबाखूच्या भावासाठी गेले, हे आरोग्याच्या भाषणात कुठे बसवायचे?

अशा गावात एखादा आरोग्याधिकारी 'तंबाखू सोडा' म्हणून उभा राहिला, तर ऐकणारी बाई त्याचे पोट पाहील असे मला वाटत नाही. ती विचारील, माझ्या चुलीचे काय? याचे उत्तर नसलेला माणूस कितीही बांधेसूद असो, तिथे त्याच्या शब्दाला वजन येणार नाही. विश्वासाचा खरा तराजू हा आहे. सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याचे जगणे विचारात घेतले आहे का, आणि सांगण्यात त्याचा स्वतःचा लाभ कुठे दडला आहे का?

लाभाचे उदाहरण निपाणीहून फार लांब शोधावे लागत नाही. तंबाखूच्या पाकिटांवरचा चित्रमय इशारा ८५ टक्के जागेत छापावा असा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. त्याआधी लोकसभेच्या एका समितीने तो लांबणीवर टाकायला सांगितले. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूमुळे कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यासच नाही, सगळे परदेशी, असे त्यांनी म्हटले. वास्तविक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता यांच्या चमूने १९६० च्या दशकापासून भारतातल्या खेड्यापाड्यांत हिंडून तंबाखू आणि तोंडाचे रोग यांचा अभ्यास केला होता. आणि त्याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते, जे स्वतः मोठ्या विडी उद्योगाचे मालक होते. देशभर गदारोळ झाला, तरी नियम वर्षभर मागे पडला आणि १ एप्रिल २०१६ ला लागू झाला.

या समितीतल्या सभासदांची वजने काय होती? मला माहीत नाही आणि माहीत करून घेण्याची गरजही वाटत नाही. इशारा वर्षभर अडकला तो कोणाच्या पोटामुळे नव्हे. डॉ. बेंजामिन यांच्या कमरेचा घेर पाहणारी आपली नजर विडीच्या कारखान्याची मालकी मात्र पाहू शकत नाही, कारण ती अंगावर दिसत नाही. मला या सगळ्यातला खरा धोका इथे वाटतो. देहाकडे बोट दाखवणे सोपे, त्याला अभ्यास लागत नाही. हितसंबंध शोधायला कागद वाचावे लागतात.

आमच्या गोव्यातही याचा चांगला दाखला आहे. डॉ. शरद वैद्य हे कर्करोगाचे सर्जन. शस्त्रक्रिया करून करून त्यांना कळले की सुरी पुरेशी नाही, मूळ तंबाखूत आहे. त्यांच्या ध्यासातून तंबाखूविरोधी चळवळ उभी राहिली आणि सार्वजनिक जागी धूम्रपान व थुंकण्याला बंदी करणारा गोव्याचा १९९७ चा कायदा आला. देशव्यापी कायदा आला २००३ साली, म्हणजे आपण सहा वर्षे पुढे होतो. डॉ. वैद्यांच्या शब्दाला वजन आले ते कशाने? चरकाने सांगितलेल्या दुसऱ्या गुणाने. त्यांनी ते दुखणे पुष्कळ वेळा प्रत्यक्ष पाहिले होते.

शेवटी पुन्हा बेळगावकडे येतो, कारण वजनाशिवाय विश्वास कसा मिळवावा याचा धडाही तिथेच गिरवला गेला. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक प्रयोग केला. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बायका दगावतात. त्यावर मिसोप्रोस्टॉल नावाची साधी, स्वस्त, फ्रीजची गरज नसलेली गोळी चालेल का? गोळी देणारी कोण, तर गावातली परिचारिका, म्हणजे आपली नर्सबाई. १६२० बायकांपैकी निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे देणारीलाही माहीत नाही. निकाल असा की जास्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला आणि जगभरच्या आरोग्य धोरणात त्याची दखल घेतली गेली.

या प्रयोगात मला सर्वांत सुंदर वाटते ती गोष्ट अशी, की त्याची रचनाच माणसाच्या प्रभावाला बाजूला ठेवणारी होती. नर्सबाई लठ्ठ की किडकिडीत, गोरी की काळी, मराठी की कानडी, गोड बोलणारी की तुसडी, यातले काहीही गोळीच्या गुणात मिसळू नये म्हणून एवढा खटाटोप. सीमाभागात माणसाचे नाव ऐकले की तो कोणत्या बाजूचा हे आधी पाहिले जाते. त्याच भागात 'कोण सांगतो' हे वगळून 'काय खरे आहे' एवढेच विचारणारे काम झाले, याचे मला फार अप्रूप आहे.

तर मग आरोग्याच्या पुढाऱ्याला आपण काहीच विचारू नये का? जरूर विचारावे. तुम्ही सांगता त्याला पुरावा काय? यातून तुमचा किंवा तुमच्या मित्रांचा काय लाभ? ज्यांना सांगता त्यांच्या चुलीचे काय? आणि स्वतःचा पाय कुठे घसरत असेल तर ते उघड बोलण्याची तयारी आहे का? विवेकानंदांनी भाट्यांच्या ओसरीवर आणि गांधींनी आपल्या लेखांतून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. लठ्ठ मंत्री स्वतःच्या वजनाबद्दल मोकळेपणाने बोलला, तर वजनाशी झगडणाऱ्या हजारो लोकांना तो जवळचा वाटेल. लपवू लागला, किंवा स्वतः मोकाट राहून दुसऱ्यांना दंड करू लागला, तर त्याला जरूर जाब विचारावा. पण तो ढोंगाबद्दलचा जाब असेल, वजनाबद्दलचा नव्हे.

आणि हे फक्त मंत्र्यांपुरते नाही. उद्या आपल्याच वाड्यावर आरोग्य केंद्राची नर्सबाई येईल, कदाचित अंगाने स्थूल, घाटी चढून दमलेली. ती आपल्या सुनेचे रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या म्हणून सांगेल. ती गेल्यावर ओसरीवर कोणी तिच्या अंगाची थट्टा केली आणि सून हसून गोळ्या फडताळात टाकून मोकळी झाली, तर रक्त नर्सबाईचे कमी होणार नाही.